अर्धं वेटोळं

आत्येला नागीण झाली म्हणून बघायला गेले, तेव्हा ती पडवीतल्या बाकावर बसून होती, उजव्या कुशीवरचा पदर हाताने अंगापासून लांब धरून. कापडाचा नुसता स्पर्श झाला तरी कळ थेट डोक्यात जात होती. पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन उजव्या बगलेखालून पुढे पोटापर्यंत आलेला चार बोटं रुंद पट्टा, आणि त्यावर गेरूचा लेप. लेप वाळून भेगाळला होता आणि त्या भेगांतून पाण्याने भरलेले बारीक फोड घोसाघोसाने वर आलेले दिसत होते. पुढे बेंबीच्या वर गेरूचीच एक जाड उभी रेघ. ती गावातल्या तात्यांनी ओढली होती, नागिणीने ओलांडू नये म्हणून. वेटोळं पूर्ण झालं की माणूस जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. श्रावणातला पाऊस मध्येच थांबून पुन्हा कोसळत होता, खळ्यातलं पाणी पायरीला लागलं होतं. आत्ये मला म्हणाली, "अगो बायो, मी कुठे गेल्ये नाही, कुठे आल्ये नाही. मग ही मला लागली कुणाकडून?" आणि सूनबाई आत चहा टाकायला गेलेली बघून, आवाज अगदी खाली आणून, "पंचमीला विळीवर पडवळ चिरलं मी. नातू भुकेला होता. चिरायचं नसतं, माहीत असून चिरलं."

तवसाळहून फेरीबोटीने जयगडला परतताना हेच वाक्य डोक्यात घोळत होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगाला असह्य आग, आणि त्यावर हा भार, की नागाचा कोप मीच ओढवून घेतला. गोळ्यांनी फोड सुकले असते, पण याला गोळी नव्हती.

मी कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. विषाणू पेशीत शिरतो आणि स्वतःच्या प्रती काढतो, हे वाक्य दरवर्षी एका दमात सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळते. मुलंही तसंच लिहितात आणि त्यांना मार्क मिळतात. पण या दोन गोष्टींमध्ये किती अंतर पडू शकतं, ते आत्येच्या कुशीकडे बघताना पहिल्यांदा अंगावर आलं. शिरणं झालं तेव्हा ती परकरातली पोर होती. प्रती काढणं सुरू झालं तेव्हा तिचा नातू शाळेत जायला लागला होता.

ते शिरणं घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण आजी त्याची गोष्ट सांगायची. एका शिमग्यानंतर वाडीतल्या पोरांना ओळीने कांजिण्या आल्या. आत्ये आणि तिच्या पाठचे माझे बाबा, दोघांना माजघरात एकाच घोंगडीवर ठेवलेलं. दाराला कडुनिंबाचे डहाळे. घरात फोडणी बंद, कारण देवी अंगात असताना फोडणीचा चर्रर आवाज होऊ द्यायचा नाही. मऊ भात, मेतकूट, वरून तूप. खाजवू नये म्हणून आजीने दोघांच्या मुठींना जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधलेल्या, आणि बाबा म्हणे त्या बांधलेल्या मुठींनी आत्येची पाठ घासून द्यायचे. मग खपल्या पडल्या, कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ झाली, पोरं पुन्हा खेळायला लागली. आजीच्या दृष्टीने तिथे गोष्ट संपली. बाबांच्या कपाळावर एक खोलगट वण राहिला होता, तो मी लहानपणी बोटाने चाचपायची.

विषाणूच्या बाजूने मात्र तिथे काहीच संपलं नव्हतं. कांजिण्यांचे फोड अंगभर उठलेले असताना विषाणूचे काही कण त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरतात, काही रक्तातूनही पोचतात, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जापेशींच्या ज्या छोट्या गाठी असतात तिथे मुक्काम करतात. मज्जातंतूच्या आतून जाणाऱ्या सूक्ष्म नळ्यांवरून पेशीतली प्रथिनंच त्यांना ओढत केंद्रकापर्यंत नेतात. केंद्रकाच्या छिद्रापाशी कवच टेकतं आणि आतला डीएनए आत सोडला जातो. डीएनएच्या घटकांच्या सुमारे सव्वा लाख जोड्यांचा तो धागा, जेमतेम ७० जनुकं. आपला स्वतःचा डीएनए ३ अब्ज जोड्यांचा, त्यापुढे हा चिमूटभर. आत गेल्यावर त्याची दोन टोकं जुळून त्याचं कडं होतं. मज्जापेशी त्या कड्याला आपल्याच डीएनएसारखं हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळून गप्प करते. कडं तुटत नाही, वाढत नाही. पेशी जगते तोवर तेही तिथेच.

आत्येचं लग्न झालं. ती दोनदा बाळंत झाली. खाडीपलीकडे रस्ता झाला, वीज आली. ते कडं तिथेच होतं.

प्रती काढायला नेमकी सुरुवात कुठून होते, हा प्रश्न मला एम्‌एस्सीला असल्यापासून ओढत आला आहे. १९६३ साली फ्रान्स्वा जेकब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्युझँ यांनी जिवाणूंवरच्या कामातून एक विचार मांडला: डीएनएच्या धाग्यावर एक ठरलेली जागा असते, आणि ती जागा ओळखणारं एक प्रथिन असतं. ते प्रथिन तिथे बसलं की प्रत सुरू, एरवी नाही. नंतरच्या वर्षांत हे सूत्र कुठेकुठे लागू पडत गेलं, त्यात नागिणीचा विषाणूही आला. त्याच्या धाग्यावर अशी उगमस्थानं दोन. डीएनएचे चार घटक ए, टी, जी आणि सी या अक्षरांनी ओळखतात; तिथे टी आणि ए ही अक्षरं आलटून पालटून, टीए टीए टीए अशी कितीतरी वेळा लागोपाठ येतात. हा योगायोग नव्हे. डीएनएच्या दोन पदरांत जी आणि सी यांना तीन बंध धरून ठेवतात, ए आणि टी यांना दोनच. सुंभाचा पीळ उकलायचा तर तो जिथे सैल वळला गेलाय तिथेच अंगठा घालावा लागतो, तसं हे. विषाणूच्या ५१ क्रमांकाच्या जनुकातून जे प्रथिन बनतं, ते या जागेला जाऊन चिकटतं आणि शेजारचा तो टीए-टीएचा कमकुवत भाग उसवतो. दोन पदर सुटे झाले की एक प्रथिन त्यांना पुन्हा मिटू देत नाही, तीन प्रथिनांचं एक जोडकाम पीळ उकलत पुढे सरकतं आणि नव्या पदराचा पहिला तुकडा घालून देतं, आणि दोन प्रथिनं मिळून प्रत्येक सुट्या पदरासमोर नवा पदर बांधत जातात. ओठावर जर, म्हणजे तापाचे फोड, आणणारा विषाणू याचाच जवळचा भाऊबंद. त्याच्यावर सगळ्यात जास्त काम झालंय आणि त्याच्याकडेही हीच सात प्रथिनं आहेत.

आपल्या पेशीतही प्रत अशीच ठरलेल्या जागांपासून सुरू होते. अशा जागा हजारोंनी आहेत. पण तिथे एक कडक शिस्त आहे. पेशी दुभंगायच्या आधी प्रत्येक भागाची प्रत एकदा, आणि एकदाच. एकदा सुरुवात झालेल्या जागेवर त्या फेरीत पुन्हा सुरुवात होऊ दिली जात नाही. विषाणूला ही शिस्त लागू नाही. त्याच्या उगमस्थानावर पुन्हा पुन्हा सुरुवात होते, पुढे प्रतींना प्रती जोडलेले लांबच लांब धागे निघतात आणि कवचात भरताना त्यांचे मापाचे तुकडे पाडले जातात. शिकवताना मी हा फरक घाईने सांगत आले, पण आजार समजून घ्यायचा तर सगळा जीव त्यातच आहे असं मला आता वाटतं. पेशी आणि विषाणू, दोघांनाही प्रत काढता येते. थांबायचं कधी, हे पेशीला येतं.

आणि मज्जापेशीच्या बाबतीत तर गोष्ट आणखी विलक्षण आहे. मज्जापेशी एकदा तयार झाली की दुभंगत नाही. म्हणजे प्रत काढायचं कामच तिच्याकडे बंद झालेलं, त्यासाठी लागणारा कच्चा मालही तुटपुंजा. अशा घरात येऊन प्रती काढायच्या तर हत्यारं स्वतःची आणावी लागतात. या विषाणूने ती आणलेली आहेत. नवा पदर बांधणारं प्रथिन त्याचं स्वतःचं, आणि कच्चा माल तयार करणारी एन्झाइमंही स्वतःची. त्यातलं एक थायमिडिन कायनेज, त्याच्याकडे पुढे येते.

सगळं जवळ असून हा इतकी वर्षं गप्प का बसतो? कारण सुरुवातीलाही सुरुवात असते. प्रती काढणारी ती सात प्रथिनं आधी बनावी लागतात आणि ती बनवायची आज्ञा देणारी प्रथिनं त्याच्याही आधी. पहिली आज्ञाच दाबून धरलेली असली की पुढचं सगळं अडतं. एका बाजूने मज्जापेशी धागा गुंडाळून ठेवते. दुसऱ्या बाजूने, लहानपणी कांजिण्यांशी लढलेल्या पांढऱ्या पेशी आयुष्यभर त्याची ओळख विसरत नाहीत. वय वाढतं तशी ही ओळख पुसट होत जाते. मधुमेह, स्टेरॉइड, कर्करोगाचे उपचार यांनीही ती ढळते. गेलं वर्षभर आत्येने काकांचं आजारपण काढलं. रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून असायची, आणि ते गेल्यावरही झोप परत आली नाही. त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या पडवीत बसून तिचे उतरलेले खांदे बघताना दुसरं काही सुचतही नव्हतं.

"कुणाकडून लागली" या प्रश्नामागे मात्र मी लागले, कारण तो एकट्या आत्येचा प्रश्न नाही. इंग्लंडातल्या सायरेनसेस्टर गावातले एडगर होप-सिम्पसन नावाचे साधे फॅमिली डॉक्टर याच प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागले होते. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रोग्याची ते नोंद ठेवायचे. कांजिण्यांच्या साथीबरोबर नागिणीची साथ येते का, हे त्यांनी तपासलं. येत नव्हती. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांतलं येल नावाचं एक छोटं बेट, तिथेही जाऊन त्यांनी चौकशी केली. छोट्या वस्तीत कुणाला कधी काय झालं होतं हे लोकांच्या लक्षात असतं, म्हणून. शेवटी १९६५ साली त्यांनी लिहिलं की नागीण बाहेरून येत नाही, लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू मज्जापेशींत राहतो आणि म्हातारपणी उठतो. दोन्ही आजारांत विषाणू एकच आहे हे थॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत १९५० च्या दशकातच दाखवलं होतं. होप-सिम्पसन यांनी त्या दोहोंमधली वर्षं जोडली. खाडीपलीकडच्या त्या वाडीत, जिथे कुणाच्या घरी कुठल्या साली काय झालं हे अजूनही तोंडपाठ सांगतात, तिथे बसून या माणसाचं काम मला फार जवळचं वाटलं. त्यांना पटलेली आणखी एक गोष्ट आपल्याकडेही दिसते. आजीच्या नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून नातवाला कांजिण्या येऊ शकतात. बेटावर नवीन कुणी आलं नाही तरी विषाणू टिकतो, तो म्हाताऱ्यांच्या अंगात पिढी ओलांडतो. म्हणून सूनबाईला मी तेवढं बजावून आले, की खपल्या धरेपर्यंत नातवाला आजीच्या कुशीत झोपायला देऊ नका.

आता त्या वेटोळ्याबद्दल. तात्यांनी रेघ ओढली होती आणि नागीण रेघेशी थांबली होती. आत्येची तात्यांवरची श्रद्धा त्यामुळे पक्की झाली. मला ती मोडायची नव्हती, पण नागीण तिथे का थांबते हे सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. कण्याच्या उजव्या गाठीतून निघणारे तंतू अंगाच्या उजव्या अर्ध्याच भागात पसरतात, डाव्या गाठीतले डाव्या. मध्यरेषेपाशी एकाचं राज्य संपतं. आत्येच्या उजव्या बाजूच्या एका गाठीत प्रती निघाल्या, त्या तंतूंमधून बाहेर आल्या आणि ते तंतू जिथवर जातात तिथवरच फोड उठले. तो पट्टा म्हणजे एका मज्जातंतूच्या पसाऱ्याचा अंगावर काढलेला नकाशाच. वेटोळं पूर्ण व्हायचं तर त्याच पातळीवरची दोन्हीकडची गाठ एकाच वेळी उठायला हवी, आणि ते अगदी क्वचित होतं. झालंच तरी त्या वेटोळ्याने माणूस मरत नाही. मला वाटतं, पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांनी हे अर्धं वेटोळं नीट पाहिलं होतं. ते मध्यावर थांबतं हेही पाहिलं होतं. भीतीला आकार दिला तो न होणाऱ्या गोष्टीचा, आणि दिलासा दिला तो हमखास होणाऱ्या गोष्टीचा. यात मला फसवणूक दिसत नाही. नुकसान दिसतं ते वेळेचं.

कारण औषध आहे, आणि त्याला वेळेची मर्यादा आहे. असायक्लोविर हे डीएनएच्या चार घटकांपैकी जी-सारखं दिसणारं रसायन. नुसतं ते निरुपयोगी, त्याला फॉस्फेट जोडलं गेलं तरच ते कामाचं. पहिला फॉस्फेट जोडायचं काम आपल्या निरोगी पेशी जवळजवळ करतच नाहीत. ते करतं विषाणूचं ते थायमिडिन कायनेज, जे त्याने मज्जापेशीच्या रिकाम्या कोठारात उपयोगी पडावं म्हणून आणलेलं असतं. म्हणजे औषध जागं होतं ते विषाणू असलेल्या पेशीतच. मग ते वाढत्या पदरात ओवलं जातं, आणि त्याला पुढचा मणी अडकवायची कडीच नसल्याने पदर तिथेच संपतो. हे घडवणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन होत्या, डॉक्टरेट नसलेल्या, १९८८ चं नोबेल मिळालेल्या. त्या ज्या वाटेने इथवर आल्या ती वाट समुद्रातून सुरू झाली होती. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या एका स्पंजात वेगळ्याच शर्करेचे डीएनए-सारखे घटक सापडले आणि घटकांत असा फेरफार करून विषाणूला अडवता येईल हे लोकांना सुचू लागलं. समुद्राकाठी राहणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून झालेला आनंद लपवता येत नाही. पण गोळी निघालेल्या प्रती परत घेऊ शकत नाही, निघणाऱ्या थांबवते. म्हणून फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू करायची असते. आत्येकडे ते तास गेरूत गेले. फोड सुकले, आग राहिली. पावसाळा सरला, भातं कापून झाली, तरी ती पोलक्याची उजवी बाजू उसवून घालते.

मी पुन्हा गेले तेव्हा तिला हे सगळं माझ्या परीने सांगितलं. कांजिण्यांचं सांगितल्यावर ती बराच वेळ बांधलेल्या मुठींबद्दलच बोलत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबातही होती?" होती. त्याच साथीतली, बहुधा त्याच घोंगडीवरची. बाबांच्या अंगात ती कधी उठली नाही, ते गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गेली. हे बोलताना माझा आवाज फुटला. बाबांची एक वस्तू अजून आत्येच्या कण्यात आहे असं काहीतरी वाटून गेलं, आणि ती वस्तू आत्येला झोपू देत नाही हेही त्याच वेळी दिसत होतं. या दोन भावना एकमेकींत बसत नाहीत, आणि मी त्या बसवायला गेले नाही.

मग मी तिला विचारलं, "आत्ये, फोड यायच्या आधी दुखत होतं का?" ती म्हणाली, "दुखत म्हणजे काय! उसण भरल्ये म्हणून पाठ शेकत होत्ये की. सूनबाईने दोनदा वीट तापवून दिलीन." कधी? ती बोटांवर तिथी मोजायला लागली. अमावास्येच्या आसपास. म्हणजे पंचमीच्या चार-पाच दिवस आधी. फोड वर यायच्या आधी तंतू दुखू लागतो, कारण आत प्रती निघायला लागलेल्या असतात. पडवळ विळीवर आलं तेव्हा काम केव्हाच सुरू झालेलं होतं. मी तेवढंच म्हटलं. तिने तिथ्या पुन्हा एकदा मोजल्या, मग सुनेला हाक मारून वीट कधी तापवली होतीस ते विचारून घेतलं, आणि खात्री झाल्यावर "बरं झालं विचारलंस" म्हणाली.

त्याच खेपेला सूनबाईला घेऊन तात्यांकडेही गेले. भांडायचं नव्हतं. त्यांच्याकडे अजून चार गावांतून माणसं येतात, माझ्याकडे एकही येत नाही, तेव्हा ७२ तासांची गोष्ट लोकांपर्यंत पोचवायची तर त्यांच्याच तोंडून पोचेल, हा माझा हिशेब. आता पन्नाशीनंतर घ्यायची लसही २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पण तिची किंमत त्या वाडीत सांगायलाही जीभ रेटत नाही. गोळ्या तशा नाहीत. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आधी डॉक्टर, मग माझ्याकडे, असं सांगू म्हणतेस?" म्हणाले. मी हो म्हटलं. विचार करून म्हणाले, "सांगेन. पण ऐकतील ते थोडेच." मग मी कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, डोळ्याजवळ उठणाऱ्या नागिणीचं काढलं, तिने दृष्टी जाऊ शकते म्हणून. तात्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "ती मी कधीच हातात घेत नाही. ते रोगी पहिल्या गाडीने चिपळूणला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. माझ्या बापापासूनचा शिरस्ता आहे तो." मग हाही शिरस्ता तसाच घाला म्हटलं, पाठीवरच्या नागिणीलाही पहिलीच गाडी. ते गाडीच्या वेळा विचारायला लागले. सकाळची एसटी कधी येते, कधी येतच नाही. सूनबाईने रिक्षावाल्याचा नंबर त्यांच्या कॅलेंडरवर लिहून दिला.